आधी तळ मोजा, मग पोकलेन उतरवा

जमिनीवर पोकलेन जोर करते ते स्वतःच्या वजनाच्या बळावर. बकेटचे दात मातीत रुतले की माती यंत्राला उचलू पाहते आणि वीस टनांचे धूड तिला दाबून धरते. तेच यंत्र तरंगू लागले की हा आधार जातो. बकेट कठीण तळाला अडली की तळाआधी यंत्रच सरकते. नेहमीचे पोकलेन चेनच्या वरच्या रोलरपर्यंतच पाण्यात न्यायचे असते, कारण पाणी स्विंग बेअरिंगपर्यंत चढले तर ग्रीस धुऊन जाते. त्यापुढच्या पाण्यासाठी हवाबंद पाँटूनभोवती चेन फिरवणारी उभयचर यंत्रे आली. तळ पायाखालून सुटला की जादा पाँटून आणि तळात रोवायचे पोलादी खांब, म्हणजे स्पड, लागतात. बंदरांतल्या बॅकहो ड्रेजरचे स्पड जहाजाचे काही वजन तळावर टेकवतात, म्हणून त्याची बकेट टणक थरही उकरते. कोमात्सुचा डी-155 डब्ल्यू बुलडोझर तर सात मीटर पाण्यात रेडिओवर चालतो. यंत्राने खोल पाण्यात कसे पोचावे, याची उत्तरे आपल्या व्यवसायाला सापडली आहेत. त्याने तळातून नेमके किती काढले याचा पुरावा मात्र आपण अजून डंपरच्या खेपांत शोधतो. पाण्याखालच्या उपशाचे पैसे आधी आणि नंतर मोजलेल्या तळावरूनच द्यावेत, असे आमचे ठाम मत आहे.

हा प्रश्न पुण्यात बिबवेवाडीच्या दारातला आहे. दक्षिणेला कात्रजचा तलाव आणि पश्चिमेला त्यातून वाहत येणारा आंबिल ओढा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री या ओढ्याच्या पुराने अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत माणसांचे बळी घेतले. थोड्या वेळात कोसळलेला पाऊस आणि आक्रसलेले पात्र अशी त्याची अनेक कारणे होती. सारा दोष गाळावर टाकणे चूक ठरेल. तरी गाळाने तलावात जेवढी जागा व्यापली, तेवढे पाणी अडवायची सोय गेली, हे उघड आहे. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना मुख्यतः उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या पात्रावर चालते. शहरातल्या ज्या तलावांत बारमाही सांडपाणी येते ते आटतच नाहीत. तिथे आज ना उद्या पाँटूनवरची यंत्रेच उतरवावी लागतील.

कोरड्या खड्ड्यात अभियंता टेप लावून लांबी, रुंदी, खोली घेतो आणि आकडे मोजमापाच्या वहीत, म्हणजे एमबीत, चढतात. पाण्याखाली खड्ड्याच्या कडा ढासळतात, शेजारचा मऊ गाळ वाहून आत येतो आणि सकाळी केलेला खड्डा संध्याकाळी अर्धा भरलेला असतो. अशा वेळी यंत्राचे तास मोजले तर कष्ट मोजले जातात, काम नव्हे. काट्यावर डंपर मोजला तर गाळाबरोबर पाण्याचेही पैसे दिले जातात, कारण घनमीटरभर पाणीच एक टन भरते. मुंबईत मिठी नदीच्या गाळउपशासाठी भाड्याने घेतलेल्या खास यंत्रांच्या व्यवहारावरून 2025 मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. खरेखोटे न्यायालय ठरवेल. पण तळाचा विश्वासार्ह नकाशा हाताशी असेल, तर असे वाद खेपांच्या पावत्यांवर अडून राहणार नाहीत.

मोजणीचे तंत्र जुनेच आहे. छोट्या होडीवरचा इको साउंडर 200 किलोहर्ट्झला मऊ गाळाचा वरचा थर दाखवतो, तर 33 किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी त्यातून आरपार जाऊन घट्ट तळ गाठतो. म्हणून कोणता तळ धरायचा हे निविदेतच लिहावे आणि दोन्ही वेळच्या मोजण्या त्याच रेषांवर, त्याच पातळी-खुणेवरून घ्याव्यात. मोजणीचा खर्च कोण करणार, असे विचारले जाईल. काही दिवसांची होडी अख्ख्या हंगामाच्या भाड्यापुढे जड नाही, आणि 1916 पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था इथेच खडकवासल्याला आहे. कामानंतर पावसाने नवा गाळ आणला तर आमचे बिल का कापावे, ही कंत्राटदारांची हरकत रास्त आहे. म्हणून शेवटची मोजणी काम संपताच, पावसाळ्याआधी व्हावी. तलाव रिकामा करून साधे पोकलेन लावावे, हे जिथे जमेल तिथे जरूर करावे. प्राणिसंग्रहालयाला लागून असलेल्या कात्रजच्या तलावात मासे-पक्ष्यांचा विचार करता ते इतके सोपे नाही.

पेशवाईत कात्रजचे पाणी शहरात आणणारा नळ जमिनीखालून गेला. बांधणाऱ्यांनी त्यावर जागोजागी उच्छ्वास ठेवले, म्हणजे आत डोकावता येई आणि उतरून साफसफाई करता येई. पाण्याखालच्या कामालाही असा झरोका हवा. ही अट सरकारने घालावी म्हणून थांबू नका. कामाआधीच्या मोजणीवर काम देणारा आणि कंत्राटदार या दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पाँटून पाण्यात सोडू नका. उद्या कोणी संशय घेतला तर इमानाने गाळ काढलेल्या कंत्राटदाराकडे दाखवायला दुसरे काहीच नसते; त्याने केलेला खड्डा तर पाण्याने कधीच झाकलेला असतो.