निरुपयोगी म्हणण्याची घाई

विद्यार्थी मित्रांनो, गळ्याच्या खाली, छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या भागावर बोट ठेवा. त्या हाडामागे दोन पाळ्यांची एक मऊ ग्रंथी आहे. तिचे नाव थायमस. बालपणी ती भरदार असते, वयात आल्यावर आकसू लागते आणि तिची जागा हळूहळू चरबी घेते. म्हणून मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणतात. नाव खोटे नाही. पण ती जाते केव्हा एवढेच ते सांगते, करते काय ते सांगत नाही. एखाद्या शिक्षकाची ओळख ‘लवकरच निवृत्त होणारे गुरुजी’ एवढीच करून द्यावी, तसे हे झाले!

आणि थायमस ही खरोखरच एक शाळा आहे. अस्थिमज्जेत जन्मलेल्या कोवळ्या पेशी रक्तावाटे येथे येतात आणि ‘टी’ पेशी होऊन बाहेर पडतात. पांढऱ्या रक्तपेशींच्या या प्रकाराला ‘टी’ हे अक्षर थायमसवरूनच मिळाले. प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर वेगळ्या घडणीचा ग्राही तयार करते. मग दोन परीक्षा होतात. शरीरातील पेशी प्रथिनांचे तुकडे जणू एका तबकात मांडून दाखवतात. ते तबक ओळखता येते का, ही पहिली परीक्षा. तबकात आपल्याच शरीराचे प्रथिन असेल, तर पेशी शांत राहते का, ही दुसरी. या परीक्षेसाठी थायमसमध्ये इन्शुलिनसारखी दूरच्या अवयवांची प्रथिनेही तयार होतात! शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक पेशी येथेच नष्ट होतात. आपल्याच शरीरावर चवताळणाऱ्या काही पेशींना मात्र इतरांना आवरण्याचे काम मिळते. एवढी कडक निवड नसती, तर रक्षकच घरावर उलटले असते.

आता माझे मत सांगतो. एखाद्या अवयवाचा उपयोग आपल्याला ठाऊक नाही, म्हणजे त्याला उपयोग नाही, असे म्हणणे हा अज्ञानाचा अहंकार आहे. त्याची किंमत लहान मुलांनी मोजली आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अचानक दगावलेल्या बाळांची थायमस डॉक्टरांना फार मोठी वाटे. ती श्वासनलिका दाबते, असा समज झाला. वस्तुतः त्यांच्या मनातला ‘नेहमीचा’ आकारच चुकीचा होता. शवविच्छेदनासाठी येणारी शवे बहुधा उपासमारीने वा दीर्घ आजाराने खंगलेल्या गरिबांची असत, आणि अशा हालअपेष्टांत थायमस आकसते. निरोगी बाळाची ग्रंथी त्यांना रोगट वाटली! अमेरिकेत हजारो बाळांच्या थायमसवर क्ष-किरण सोडण्यात आले. पुढे १९५५ साली लक्षात आले, की अशा मुलांत गळ्यातील अवटू ग्रंथीचा कर्करोग अधिक आढळतो.

थायमसचे खरे काम उजेडात आले ते १९६१ साली. लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली. काही आठवड्यांनी ते उंदीर खंगू लागले, रोगांना बळी पडू लागले. दुसऱ्या उंदराच्या कातडीचे कलमही त्यांच्या शरीराने नाकारले नाही! प्रौढ उंदरांची थायमस काढून पूर्वी काही बिघडलेले दिसले नव्हते. कारण त्यांच्या शाळेतून पुरेशा पेशी आधीच शिकून बाहेर पडल्या होत्या. प्रयोग खोटा नव्हता, निष्कर्ष घाईचा होता.

बरे, मोठेपणी तरी ती निरुपयोगी का? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, थायमस काढलेल्या प्रौढांची तुलना छातीची शस्त्रक्रिया होऊनही थायमस शाबूत राहिलेल्यांशी केली. पाच वर्षांत पहिल्या गटात मृत्यूंचे प्रमाण सुमारे तिप्पट आणि कर्करोगाचे दुप्पट आढळले. अशा एका अभ्यासाने सारे सिद्ध होत नाही. रोगापायी ही ग्रंथी काढावी लागली, तर ती काढलीच पाहिजे. पण ‘कशाला ठेवायची?’ असे विचारणाऱ्याने आता जपून बोलावे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या वहीत ‘उपयोग नाही’ असे लिहिण्याची वेळ आली, तर क्षणभर थांबा आणि ‘उपयोग अद्याप कळलेला नाही’ असे लिहा. शब्द दोनच वाढतील. पण शोधाचे दार उघडे राहील.