हायलँडची नवरी आणि आपल्या गोष्टीतली मुलगी

"इंजिनिअर झालीस आणि असलं काय वाचतेस?" मोबाईलवर स्कॉटिश हायलँडमधल्या प्रेमकादंबऱ्या वाचताना हा प्रश्न हमखास येतो. दोन घराण्यांचं वैर, ते मिटवायला ठरवलेलं लग्न, अनोळखी नवरा, थंडगार गढी. हे म्हणे 'बायकी' आणि टाकाऊ. वाचायचंच तर 'स्वामी' वाच.

'स्वामी' वाचलीय. रणजित देसाईंची १९६२ची कादंबरी, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. तीही ठरवून झालेल्या लग्नातल्या प्रेमाचीच गोष्ट. फरक शेवटाचा. १७७२ साली थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. आपण डोळे पुसतो आणि याला उदात्त म्हणतो. हायलँडची नवरी शेवटच्या पानावर जिवंत असते, सुखात असते. एवढ्यावरून तिची गोष्ट हलकी कशी ठरते?

या कादंबऱ्या इतिहास गोड करून सांगतात, हे खरंच आहे. १७४६च्या कलोडनच्या पराभवानंतर हायलँडच्या पुरुषांना पारंपरिक वेश घालायलाच कायद्याने बंदी आली. पुढे जमीनदारांनी कुळांना हुसकावून मेंढ्या पाळल्या. यातलं प्रेमकथेत थोडंच येतं. पण तिला काय वाटलं, हा प्रश्न त्या टाळत नाहीत. डायना गॅबल्डनच्या 'आउटलँडर'मध्ये (१९९१) क्लेअर इंग्रज कॅप्टनच्या हाती लागू नये म्हणून मॅकेंझी मंडळी तिचं लग्न ठरवतात. तिचा नाइलाज, राग, ओढ, सगळं तिच्याच तोंडून कळतं.

आता आमच्याकडचं. साखरखेर्डा सिंदखेडराजा तालुक्यातलं, म्हणजे जिजाऊंच्या माहेरचं. रंगपंचमीची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ: लहानगे शहाजी-जिजाऊ रंग खेळतात, लखुजीराव जोडा शोभतो असं थट्टेत बोलून जातात, मालोजीराजे भरसभेत तो शब्द पकडतात. मग मानापमान, मग लग्न. या गोष्टीत जिजाऊंना एक वाक्य नाही. १६२९ साली निजामशाहीत लखुजीराव मुलांसह मारले गेले, तेव्हा जिजाऊंच्या पोटात शिवाजी महाराज होते. बाप आणि भाऊ एकाच दिवशी गेलेल्या त्या लेकीचं मन आपल्या किती गोष्टींत येतं?

आजही स्थळ आलं की पॅकेज, शेती, पत्रिका यांवर बैठक रंगते. मुलीला शेवटी "पसंत आहे ना?" एवढंच, तेही होकार धरून. ज्या पुस्तकात या प्रश्नाला चारशे पानं मिळतात, ते मी एसटीत, ऑफिसात, चारचौघांत उघडून वाचणार. लाज वाटायचीच असेल, तर न विचारणाऱ्यांना वाटू द्या.