गुरुवारची सुट्टी आणि मामाचा मुक्काम

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवड्याच्या सर्व दिवसांत विभागला जावा म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार नेमून दिले गेले आणि या भागाच्या वाट्याला गुरुवार आला. उत्पादनाच्या दृष्टीने ही योजना योग्यच होती. परंतु याच शहरातील शाळा आणि कार्यालये रविवारी बंद राहतात, तर शेजारच्या हिंजवडीतील संगणक अभियंता शनिवार-रविवार मोकळा असतो. परिणामी वडील घरी असतात त्या दिवशी मुले शाळेत असतात आणि मुले घरी असतात त्या दिवशी वडील पहिल्या किंवा दुसऱ्या पाळीला गेलेले असतात. एक भाऊ भोसरीत लेथवर आणि दुसरा हिंजवडीत संगणकासमोर, अशी घरे येथे थोडी नाहीत. त्या दोघांमध्ये तासाभराचे अंतर. पण गाठ पडते ती दिवाळीला किंवा कोणाच्या तरी दहाव्याला.

अशा काटेकोर वेळापत्रकात एखाद्या दिवशी वेळापत्रक ठाऊकच नसलेला मनुष्य येऊन दाखल होतो. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे परंपरेने केली जाते. ती सर्वांत चपखल लागू पडते प्रत्येक गोतावळ्यात असणाऱ्या एका हौशी नातेवाइकाला. कोठे तो मामा असतो, कोठे धाकटा काका, कोठे आत्याचे यजमान. शेतीवाडी बेताची, संसारात लक्ष त्याहून बेताचे. परंतु भजनात गळा, मेंढीकोटात हात आणि गप्पांत रस कधी न आटणारा. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा, हुरड्याच्या दिवसांत हुरडा आणि सोबत चार गावांच्या बातम्या घेऊन तो वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर उतरतो. दोन दिवसांसाठी म्हणून आलेला आठ दिवस राहतो. मुले अभ्यास विसरतात, घरातील दूरदर्शन संच बंद राहतो आणि इमारतीतील शेजाऱ्यांना प्रथमच कळते की या घरातील माणसे इतक्या मोठ्याने हसू शकतात.

हा मनुष्य निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष उद्योगनगरीच्या हिशेबातून सहज निघतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

हे शहर मुळात उभे कसे राहिले? 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आणि वाहन उद्योगाचे मोठे कारखाने आले. 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. 2001 च्या जनगणनेत सुमारे दहा लाख असलेली लोकसंख्या 2011 मध्ये सतरा लाखांवर गेली. ही केवळ जन्मदराने झालेली वाढ नव्हे. मराठवाडा, खानदेश, सोलापूर, सातारा, नगर, कोकण येथून माणसे येत राहिली. आणि ती येत राहिली ती नात्याच्या दोरीला धरून. पहिला आला त्याने मेव्हण्याला बोलावले, मेव्हण्याने चुलतभावाला, चुलतभावाने साडूला. नव्याने आलेला तरुण कोणाच्या तरी दहा बाय बाराच्या खोलीत पथारी टाकून राहिला. नोकरी कायम होईपर्यंत त्याच्या ताटाचा हिशेब कोणी मागितला नाही. रात्रपाळीचा मनुष्य सकाळी येऊन ज्या अंथरुणावर झोपे, ते दिवसपाळीला जाणाऱ्याने नुकतेच सोडलेले असे. गृहनिर्माण योजना, वसतिगृहे, प्राधिकरणाचे भूखंड हे सारे नंतरचे. त्याआधी या नगरीतील कामगारांचे वसतिगृह नातेवाइकाचे घर हेच होते. ज्या शहराच्या पायाभरणीत पाहुणचाराचा एवढा वाटा आहे, त्याच शहराच्या दुसऱ्या पिढीला आठ दिवसांचा पाहुणा जड वाटू लागला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एकत्र कुटुंब मोडले, अशी हळहळ नेहमी व्यक्त केली जाते. ती पूर्णपणे खरी नाही. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा या गावाचा अभ्यास करून 1964 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. एका छताखाली राहणे ही एकत्रपणाची एकमेव खूण नव्हे. चुली वेगळ्या झाल्या तरी मालमत्ता, कर्तव्ये आणि परस्परांच्या अडचणीला धावून जाणे यांतून एकत्रपणा टिकू शकतो. चाकणच्या कारखान्यात काम करणारा, दोन खोल्यांत पत्नी व एका मुलासह राहणारा लातूरचा तरुण जनगणनेच्या तक्त्यात विभक्त कुटुंबात मोडतो. मात्र त्याच्या पगारातील ठरावीक रक्कम गावी जाते, पुतणीच्या लग्नाचे कर्ज त्याच्या नावावर असते आणि त्याच्या घरातील धान्य गावाकडच्या शेतातून येते. हे कुटुंब तुटलेले नाही, ताणले गेले आहे. 2020 च्या टाळेबंदीत या पट्ट्यातील कितीतरी कुटुंबे मिळेल त्या मार्गाने गावी परतली, तेव्हा ती दोरी शाबूत असल्याचे दिसून आले.

प्रश्न असा की ही दोरी वापरात राहते कशी? पैसे बँकेतून जातात, खुशाली भ्रमणध्वनीवर कळते. ज्या नात्यांत देणेघेणे आहे ती टिकतात. परंतु ज्यांत काही देणेघेणे नाही, त्या चुलत, आते, मामे, मावस भावंडांचे काय? इंग्रजी माध्यमातील मुलाच्या तोंडी या चारही नात्यांसाठी ‘कझिन’ हा एकच शब्द असतो. मराठीने चार निराळे शब्द ठेवले ते हौस म्हणून नव्हे. इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवून दिले की महाराष्ट्र हा उत्तरेच्या व दक्षिणेच्या रीतींचा संगमप्रदेश आहे. उत्तरेत भावंडांतील विवाह निषिद्ध, तर येथील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची प्रथा. त्यामुळे येथे मामा हा केवळ लाड करणारा राहत नाही. जावळ काढताना बाळ त्याच्या मांडीवर असते, मंगलाष्टके चालू असताना तो भाचीच्या पाठीशी उभा असतो, आणि क्वचित पुढे सासराही होतो. शब्द गेला की त्यासोबत त्या नात्याला नेमून दिलेले कामही जाते.

हौशी नातेवाईक हे काम जिवंत ठेवतो. तो एका घरून दुसऱ्या घरी जातो आणि जाताना पहिल्या घराची वार्ता नेतो. मोशीतल्या भाच्याला तो सांगतो की थेरगावला राहणारी तुझी मावसबहीण आता परिचारिका झाली आहे. दोघे एकाच शहरात सहा वर्षे राहत असून एकमेकांना ठाऊक नसतात. उपवर मुलामुलींची माहिती त्याच्या डोक्यात असते; कोणाचे कोणाशी बिनसले आहे हेही त्याला ठाऊक असते आणि थट्टेच्या ओघात तो ते मिटवूनही टाकतो. गंभीर मध्यस्थाला जे साधत नाही ते विनोदी माणसाला साधते, कारण त्याच्यासमोर कोणाला आपला मान राखण्याची चिंता नसते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’मधील नारायण लग्नघरी राबतो आणि कार्य उरकल्यावर कोणाच्या ध्यानातही राहत नाही, या मंडळींचे प्राक्तन त्याहून फारसे निराळे नसते.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मामाच्या गप्पा बैठकीच्या खोलीत रंगतात तेव्हा स्वयंपाकघरात कोणीतरी तिसऱ्यांदा चहा ठेवत असते. पूर्वी ती गृहिणी दिवसभर घरी असे. आज ती स्वतः भोसरीच्या एखाद्या लघुउद्योगात जुळणीच्या कामाला किंवा बँकेत असते. पाहुणा नको वाटतो असे म्हणून तिला दोष देणे सोपे आहे. तिच्या हातातील लाटणे घेणे कठीण. काही मामा उधारी मागतात, काहींना नको ते व्यसन असते, आणि गमतीच्या नावाखाली मुलींच्या रंगरूपावर बोलणारे महाभागही आढळतात. अशांना आवर घालणे हे घरातील कर्त्या माणसाचे काम आहे. त्यासाठी सगळ्याच पाहुण्यांना दार बंद करण्याचे कारण नाही.

चाकण परिसरात मात्र या नात्यांपुढे फ्लॅटच्या आकाराहून मोठे संकट उभे आहे. ते सातबाराच्या उताऱ्यावर आहे. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या खेड तालुक्यातील गावांत पूर्वी कांदा, बाजरी आणि ज्वारी पिकणारी जमीन कारखान्यांमुळे सोन्याच्या मोलाची झाली. जमिनीला भाव नव्हता तोवर बहिणीने हक्कसोडपत्रावर अंगठा उमटवणे ही उपचाराची बाब होती. मोबदल्याचा आकडा पुढे आला आणि तोच कागद घराघरांत भांडणाचे मूळ ठरला. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला; 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे त्या निकालाने ठरले.

यावर एक तक्रार गावोगावी ऐकू येते: कायद्याने बहीण-भावात वितुष्ट आणले, भाच्यांना मामाचे गाव तुटले. ही तक्रार टिकणारी नाही. वाटा मागताच माहेर बंद होत असेल, तर इतकी वर्षे भाऊबीजेच्या ओवाळणीत बहीण जे घेत होती त्याहून कितीतरी अधिक ती देत होती, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर हा प्रश्न प्रथम हाती घ्यावयास हवा. ज्या घरांनी बहिणीचा वाटा आपणहून काढून ठेवला, तेथे मामा आजही ताठ मानेने भाचीच्या घरी मुक्कामाला जातो. जेथे सही गोडीगुलाबीने किंवा धाकाने घेतली गेली, तेथे त्याला यात्रेचे निमंत्रण द्यावयासही तिसऱ्या माणसाला पाठवावे लागते.

मुक्कामाच्या जुन्या निमित्तांपैकी काही या परिसराने अजून राखली आहेत. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात विसावते. त्या रात्री दिंडीतील मंडळींपैकी कितीतरी जण जवळपास राहणाऱ्या आप्तांकडे जेवावयास जातात. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत यात्रा भरली की दिघी, भोसरी, मोशीच्या घरांत गावाकडची माणसे दाटीवाटीने झोपतात. त्या आठवड्यात खोली लहान असल्याची सबब कोणी सांगत नाही.

खानदेशातून आलेल्या कुटुंबांत श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचे रोट असतात. भाऊबंदांनी एकत्र यावयाचे आणि रोटांचा प्रसाद भाऊबंदकीतच संपवावयाचा, अशी रीत. वर्षभर न बोललेल्या दोन भावांनाही त्या दिवशी एका पंगतीत बसावे लागते आणि पंगतीत बसवण्याचे काम अर्थातच त्या हौशी काकाकडे येते. अडचण फक्त वाराची. कानबाई रविवारी आणि कारखान्याची सुट्टी गुरुवारी. व्यवस्थापनांनी मनावर घेतले तर श्रावणातील त्या एका आठवड्यात सुट्टी बदलून देणे अवघड नाही. उत्पादनाचा एकही तास त्यात बुडत नाही. तोपर्यंत मराठवाड्याचा सहकारी खानदेशच्या मित्राला आपली पाळी देतो आणि त्याबदल्यात गावच्या यात्रेच्या दिवशी त्याची पाळी मागून घेतो. पर्यवेक्षकाच्या वहीत दोन नावांवर काट मारून दोन नावे लिहिली जातात, आणि शनिवारी रात्री वल्लभनगरहून धुळ्याकडे निघणाऱ्या गाडीत बसावयास जागा उरत नाही.