काटकसर परवडते कोणाला?

चंद्रपूरच्या वैशाखात पत्र्याच्या छपराखाली झोपणाऱ्या श्रमिकाला पंखा ही चैन नव्हे. परंतु त्याच्या डोक्यावर फिरणारा जुन्या घाटणीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो. तेवढाच वारा देणाऱ्या नव्या ‘बीएलडीसी’ पंख्याला सुमारे ३० वॅट पुरतात. कारण त्याच्या फिरत्या भागात कायम चुंबक असतात, आणि जुन्या मोटारीत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी बरीच वीज वाचते. रोज १२ तासांप्रमाणे वर्षातले ३०० दिवस पंखा चालला, तर १६२ युनिटांची बचत होते.

मग हा पंखा श्रमिकाच्या घरी का नाही? कारण त्याची किंमत साध्या पंख्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. ज्याच्यापाशी आज पैसा आहे त्याचेच उद्याचे बिल कमी होते. ज्याच्यापाशी नाही, तो स्वस्त पंखा घेऊन वर्षानुवर्षे महाग वीज जाळतो. त्यातून तो भाडेकरू असला तर पंखा घरमालकाचा आणि बिल मात्र त्याचे! जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर तारांकन सक्तीचे झाले, हे योग्यच झाले. पण तारे वाचता आले म्हणून खिशात पैसे येत नाहीत.

या कोंडीतून वाट आहे, हे दिव्यांनी दाखवून दिले आहे. २०१४ साली एका एलईडी दिव्यामागे सरकारी कंपनीला सुमारे ३१० रुपये मोजावे लागत. २०१६ पर्यंत तोच भाव ३८ रुपयांवर आला. जगभर हे दिवे स्वस्त होत होते, हे खरे. परंतु २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतील कोट्यवधींच्या एकत्रित खरेदीने ही घसरण वेगवान केली, हेही तितकेच खरे. सरकारी अनुदान नव्हते. अनेक ठिकाणी ग्राहकांनी वीजबिलातून दहा-दहा रुपयांच्या हप्त्यांनी पैसे फेडले. बाजाराला वाकवण्याचे सामर्थ्य एकट्या गिऱ्हाइकात नसते, ते समाजाच्या एकवटलेल्या मागणीत असते.

पंख्यांसाठीही २०२३ साली एक कोटींचे उद्दिष्ट जाहीर झाले. परंतु त्याची खरी कसोटी संख्या नव्हे, क्रम ही आहे. दरमहा १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घरांपासून आरंभ झाला पाहिजे. या घरांचा वीजदर कमी असल्यामुळे त्यांची रुपयांतील बचतही कमी दिसते आणि पंख्याची किंमत वसूल व्हायला अधिक काळ लागतो. म्हणून हप्ता लहान हवा, आणि त्यावरील व्याज वीज वितरण कंपनीने सोसावे. कारण ऐन मागणीच्या वेळची महाग वीज खरेदी तिचीच वाचणार आहे. भाडेकरूला घरमालकाच्या संमतीविना पंखा मिळावा. गल्लीतल्या वायंडिंग करणाऱ्या कारागिराला नव्या पंख्यातील इलेक्ट्रॉनिक भागाची दुरुस्ती शिकवावी, नाहीतर पंखा बिघडताच बचतही थांबेल.

औष्णिक केंद्राचा धूर ज्यांच्या अंगणात उतरतो, त्यांनाच वीज वाचवण्याचे साधन सर्वांत शेवटी मिळावे, याला नियोजन म्हणता येणार नाही. काटकसरीचा उपदेश गरिबाने पुष्कळ ऐकला. आता त्याला काटकसरीचे साधन द्या.