काळाकोटाचे अपुरे काम

१२ जानेवारी उजाडला की बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाच्या वाटा माणसांनी फुलून जातात. राजमाता जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकवून जनसागर परततो. पण राजवाड्यानजीकच्या काळाकोटाकडे फार थोड्यांची पावले वळतात. वस्तुतः राजे लखुजी जाधवरावांचे मन वाचायचे, तर ते याच काळ्या पाषाणात वाचावे लागते.

काळाकोट हा अर्धवट राहिलेला किल्ला. त्याच्या भिंती सुमारे २० फूट रुंद आहेत. नुसता वाडा राखण्यासाठी एवढी रुंदी लागत नाही. तिच्यात एका पराक्रमी घराण्याची आकांक्षा दिसते. याच लखुजीराजांनी नीळकंठेश्वराच्या प्राचीन मंदिराचा जीर्णोद्धार केला. मोती तलाव, चांदणी तलाव आणि बारवा आजही तत्कालीन जलव्यवस्थेची साक्ष देतात. तलवार सुलतानाच्या चाकरीत होती. घडविणारा हात मात्र स्वधर्माचा होता!

१६२९ साली निजामशाहाने दौलताबादच्या दरबारात लखुजीराजे, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांचा विश्वासघाताने वध करविला. देवगिरीच्या यादवांचा वारसा सांगणाऱ्या घराण्याचे रक्त यादवांच्याच राजधानीत सांडावे, हा केवढा दैवदुर्विलास! पुढे अवघ्या काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवराय जन्मले. पित्याचा कोट अपुरा राहिला. लेकीने स्वराज्याचा कळस १६७४ साली रायगडावर डोळे भरून पाहिला.

ही भूमी अजूनही बोलते आहे. २०२४ साली लखुजीराजांच्या समाधीपरिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाने केलेल्या उत्खननात प्राचीन शिवमंदिराचे अवशेष आणि पाठोपाठ शेषशायी विष्णूची अप्रतिम मूर्ती प्रकट झाली. लक्ष्मी चरणसेवा करीत आहे, शिल्पपटावर समुद्रमंथन कोरले आहे. या गावाचा इतिहास सतराव्या शतकात सुरू होत नाही, हेच तिने सांगितले.

म्हणूनच केवळ जयघोषाने आपले कर्तव्य संपत नाही. डागडुजीच्या नावाखाली जुन्या चिऱ्यांवर सिमेंट थापणे म्हणजे जतन नव्हे. राजवाडा, काळाकोट, मंदिरे व तलाव यांचा एकत्रित आराखडा हवा. येथे सापडलेले शिल्पधन येथेच पाहता यावे, असे सुसज्ज संग्रहालय हवे. आणि शाळेच्या सहलींना चिरा कसा बसविला, पाणी कसे अडविले हे समजावून सांगणारा जाणकार हवा. काळाकोटाची भिंत पुरी करण्याची आवश्यकता नाही. ती ढासळू न देणे, एवढेच आपल्या पिढीचे अपुरे काम आहे.