मोठ्या मायचं मत

आमच्या गावात मला अजून काही लोक घरभेदी म्हणतात. तोंडावर नाही, पानठेल्यावर. कारण एवढंच की 15 जानेवारी 2021 ला, ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या दिवशी, मी मोठ्या मायला मोटारसायकलवर बसवून शाळेतल्या बूथवर नेलं.

मोठी माय म्हणजे माझ्या बापाच्या चुलतभावाची बायको. राहते वरच्या टोलीत, आणि वरची टोली सगळी दुसऱ्या पॅनलची. ती कुणाचं बटण दाबणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तिचे गुडघे गेलेले, पोरगा पुण्याला कंपनीत, त्यांच्या पॅनलची गाडी दुपार टळली तरी आली नव्हती. ठेवणीतलं लुगडं नेसून ती ओट्यावर तयार बसलेली. मला पाहून म्हणाली, "नेशीन काय रे मले?" आता यावर नाही कसं म्हणायचं?

18 तारखेला मोजणी झाली. आमचा वॉर्ड अर्धा खालच्या टोलीत, अर्धा वरच्या. त्यातली एक जागा आमच्या पॅनलनं एका मतानं घालवली आणि नऊ सदस्यांची ग्रामपंचायत पाच-चार अशी त्यांच्याकडे गेली. आमच्या पॅनलचा म्होरक्या रात्री घरी आला. बसला नाही. दारातूनच म्हणाला, "कायले नेलं रे तिले?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही झोप नव्हती. आपण चूक केली असं वाटत नव्हतं, पण हरल्याचं दुःख तर होतंच की.

पुढं काय झालं ते खेड्यातल्या वाचकाला सांगायची गरज नाही. सिमेंटचा रस्ता वरच्या टोलीतून निघाला आणि आमच्या टोलीच्या तोंडाशी येऊन थांबला. जणू तिथं गावच संपतं. नळाला पाणी आधी तिकडं, उरलं तर इकडं. घरकुलाच्या यादीचं विचारायला गेलेल्या माणसाला, "तुमच्या पॅनलले विचारा ना," असं हसून सांगितलं गेलं. एका मतानं जिंकलेले लोक असे वागत होते की विरोधात कुणी मत दिलंच नाही.

याच्यावर आमची टोली फार चिडते. चिडायलाच पाहिजे. पण आमच्या पॅनलच्या बैठकांना मी होतो. निकालाच्या आधीच्या रात्री तिथं कोणत्या कामांची चर्चा चालली होती? बोडी खोल करायची? पांदण रस्ता? छे. कुणाचं अतिक्रमण काढायचं, कुणाला विहीर मिळू द्यायची नाही, याची यादी चालली होती. मी ऐकत होतो आणि चूप होतो. ते एक मत इकडं पडलं असतं तर रस्ता वरच्या टोलीच्या तोंडाशी थांबला असता, फरक तेवढाच. म्हणून 'आमच्यावर अन्याय झाला' हे वाक्य माझ्या तोंडातून पुरतं बाहेर पडत नाही.

अशा वेळी शहाणी माणसं सांगतात, निवडणूकच कशाला, गाव बिनविरोध करा, भांडण मिटतं. मला हे अजिबात पटत नाही. त्याच जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथं सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघडकीला आलं आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. सगळीकडं असं होतं असं मी म्हणत नाही. पण बिनविरोध म्हणजे बहुधा चार घरांनी ओसरीवर बसून ठरवलेलं. त्या ओसरीवर मोठ्या मायला कोण बोलावतं? तिला विचारतं ते मतदानयंत्रच. एका मतानं हरणं मला चालेल, ओसरीवर जिंकणं नको.

राज्याचं तरी वेगळं काय आहे? आमचा विधानसभा मतदारसंघ साकोली. 20 नोव्हेंबर 2024 ला मतदान होतं तेव्हा धानाची कापणी जोरात, बांध्यांत कडपा पडलेल्या. बाया हातातले विळे ठेवून मतदानाला आल्या. 23 तारखेला निकाल लागला तो 208 मतांनी. जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला, दोघांनाही 96 हजारांच्या वर मतं. मी कुणाला दिलं ते सांगत नाही, मतदान गुप्त असतं. पण मी 208 च्या कोणत्या बाजूला होतो हे पानठेल्यावर ओळखायला मिनिटही लागलं नाही. जिंकलो म्हणून मी चहा पाजला, आणि कप धुवून होईस्तोवर टीव्हीवर राज्याचा आकडा आला. 288 पैकी 230 च्या वर जागा समोरच्यांना. त्यावर पहिला प्रश्न काय आला? "मंग आता आपल्या आमदाराले निधी भेटते काय?" चार तासही झाले नव्हते निकालाला, आणि लोकांनी मनातल्या मनात रस्ता टोलीच्या तोंडाशी थांबवलासुद्धा.

राज्यात जवळपास निम्मी मतं आणि पाचांतल्या चार जागा, हा कुठला कौल, असं आमच्या बाजूचे तेव्हापासून विचारतात. विचारा. पण त्याच वर्षी जूनमध्ये लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांत टक्काभराचाही फरक नव्हता, आणि जागा मात्र 30 आणि 17. तेव्हा आपण गुलाल उधळला होता की नाही? तेव्हा कुणी हिशेब मागितला नाही. जूनमध्ये यंत्र चांगलं आणि नोव्हेंबरमध्ये खराब, असं मला बोलता येत नाही. आणि समोरच्यांनाही सांगतो, ज्याला तुम्ही जनता म्हणता तिच्यातल्या निम्म्यांनी तुम्हाला मत दिलेलं नाही. ते लोक कुठं गेले नाहीत. इथंच धान कापताहेत, कर भरताहेत.

साकोलीत ते 208 लोक कोण हे कुणालाच सांगता येत नाही. त्यातला प्रत्येकजण स्वतःला आमदार करणारा समजू शकतो, आणि हरलेल्या बाजूचा प्रत्येकजण घरी राहिलेल्या आपल्या भावाला शिव्या देऊ शकतो. गावात मात्र ते एक मत कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक आहे, किंवा ठाऊक आहे असं वाटतं. मोठ्या मायनं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या नोव्हेंबरातही तिला मीच नेलं. आता ती माझ्या खांद्याला दोन्ही हातांनी धरून बसते. वरच्या टोलीचा सिमेंटचा रस्ता संपला, आमच्या टोलीची गिट्टी लागली आणि गाडी उसळली तशी ती ओरडली, "काहून रे, तुमचा रस्ता अजून नाही झाला?"

"नाही झाला, माय," म्हटलं आणि गाडी हळू केली.