टाकाऊपासून टिकाऊ करा, पण औषधाची बाटली सोडून



आज पिकाबद्दल नाही, घरातल्या फुलदाणीबद्दल लिहितोय. पण विषय शेतातूनच आलेला आहे.

मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या वेळी लेकीनं सजावटीसाठी फुलदाणी केली. सोनेरी रंग, गळ्याला लोकर गुंडाळलेली, वरून बांगड्यांचे तुकडे चिकटवलेले. पाहुण्यांनी फोटो काढले. मी सहज विचारलं, "बाई, बाटली कुठली गं?" म्हणली, "धुऱ्यावर पडली होती बाबा. साबणानं धुतली ना मी."

सोयाबीनवरच्या अळीसाठी मी फवारलेलं औषध, मीच फेकलेली बाटली. चूक लेकराची नव्हती, माझी होती.

टाकाऊपासून टिकाऊ आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. फाटक्या लुगड्यांची वाकळ आपल्या घरातच शिवली गेली. रद्दी भिजवून, मेथीचं पीठ घालून, कुटून, पालथ्या पातेल्यावर थापून आईनं टोपल्या केल्या. जुन्या बांगड्यांना लोकर गुंडाळून दाराला तोरण केलं. पण तेव्हाचं टाकाऊ म्हणजे सुती कापड, कागद, काच, माती. आता शेतातून घरी येणारं टाकाऊ वेगळं आहे. सवय जुनीच आहे, वस्तू बदलली. घोळ इथंच होतो.

बाटली धुतली की वास जातो, औषध पूर्ण जात नाही. प्लास्टिकमध्ये ते मुरतं, झाकणाच्या आट्यांत बसतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर दगावले. तसलीच औषधं आपल्याही पंपात असतात. बाटलीवरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा आहे म्हणून ती बाटली घरात चालते, असं नाही. लेकरू फुलदाणीला हात लावतं आणि तोच हात तोंडात घालतं.

बियाण्याच्या पिशव्यांचंही तेच. बियाण्याला बऱ्याचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, त्याची पूड पिशवीत राहते. दिसायला रंगीत म्हणून तिच्या भिंतीवरच्या पिशव्या शिवू नका, धान्यही भरू नका.

मग करायचं काय? औषध पंपात ओतलं की बाटली तिथंच तीन वेळा खंगाळा, ते पाणी पंपातच टाका. नंतर बाटलीला भोक पाडा, म्हणजे कोणी वापरणारच नाही. कीटकनाशकाच्या 1971 च्या नियमांत रिकामे डबे उघड्यावर न टाकता फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलंय. विहीर, ओढा जवळ नको. जाळू तर अजिबात नका.

आता माझं मत. नुसतं शेतकऱ्याला शहाणपण शिकवून भागणार नाही. 2016 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी आपल्या प्लास्टिकची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. मग गावात औषध विकायला गाडी येते, तशी रिकाम्या बाटल्या न्यायलाही आली पाहिजे. ग्रामसभेत हे मागायला काय हरकत आहे? आणि शाळेतल्या गुरुजी-बाईंना विनंती, 'टाकाऊपासून टिकाऊ' करायला सांगताना एक वाक्य जोडा: शेतातली बाटली आणायची नाही.

आमच्या घरी या वर्षी फुलदाणी होणार आहे. लोणच्याची काचेची बरणी, तिला सुतळी गुंडाळायची, आत शेतातला झेंडू. लेक म्हणते, सोनेरी रंग तरी द्यायचाच. दे म्हणलं, बाई.

पटलं तर आपल्या गावाच्या ग्रुपवर पाठवा. आणि आज वावरात गेलात तर धुरा एकदा बघून या.